निपाणीत आपलं स्वागत

चिकोडी, खानापूर, बेळगावकडून घरचं आटपून सकाळच्या बसनं आलेल्या मैत्रिणींनो,

निवडून आलेल्या महिला सदस्यांची ही परिषद बेळगावला घ्या, तिथं मोठी सभागृहं आहेत, असं आम्हाला पुष्कळांनी सुचवलं. आम्ही निपाणीचाच हट्ट धरला. या गावात बायकांचं राजकारण राखीव जागांच्या आधी सुरू झालं. 1980 च्या सुमारास तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका चिकोडी तालुका कामगार महासंघात एकवटल्या, मजुरीसाठी मालकासमोर उभ्या राहिल्या. 'युगांतर' गटानं 1982 मध्ये त्यांच्यावर 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला. त्यांतल्या कितीजणींना पुढं नगरपालिकेचं तिकीट दिलं, हे इथल्या पक्षांनी एकदा आपल्या मनाला विचारावं.

कर्नाटकानं 1983 च्या कायद्यानंच मंडल पंचायतीत बायकांना 25 टक्के जागा दिल्या आणि 1987 ला निवडणुका घेतल्या. देशभर पंचायतीत बायकांना राखीव जागा देणारी 73 वी घटनादुरुस्ती त्यानंतरची. 2010 मध्ये पंचायतीतल्या निम्म्या जागा आपल्या झाल्या. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर आपलं म्हणणं काहीही असो, याबद्दल या राज्याला चांगलं म्हणायला कचरू नये.

पण खुर्चीवर जरा स्थिरावतोय तोवर मुदत संपते. बेळगावच्या महापौरपदी सरिता पाटील, संज्योत बांदेकर, शोभा सोमणाचे, सविता कांबळे बसल्या. प्रत्येकीला मिळालं जेमतेम वर्ष. तेवढ्यात एक अंदाजपत्रक कळतं, दुसरं मांडायला दुसरंच कुणी असतं. पुढच्या वेळी वॉर्डाचं आरक्षण बदललं, की पाच वर्षांची ओळखपाळख वाया. जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत 2021 ला संपली, तेव्हापासून त्यांची निवडणूकच नाही. शिडीच्या मधल्या पायऱ्याच काढून घेतल्यावर ग्रामपंचायतीत तयार झालेली बाई चढणार कुठून? शशिकला जोल्ले 2013 पासून निपाणीच्या आमदार आहेत, मंत्रीही झाल्या. पण त्यांच्या एकट्या नावावर गावोगावच्या सदस्यांनी किती दिवस समाधान मानायचं?

आणखी एक. पंचायतीची नोटीस कन्नडमधून येते, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) सांगतील तेवढंच कळतं आणि सही होऊन जाते. मराठी कागद मागणं हा आपला हक्क आहे, तो सोडू नका. पण तोवर कन्नड वाचायला शिका. न वाचता केलेल्या सहीची चौकशी लागली, तर ती आपल्याच नावानं लागते.

दुपारच्या सत्रात अंदाजपत्रक कसं वाचायचं ते पाहू. सोबत आलेल्या यजमानांसाठी मंडपाबाहेर चहाची सोय आहे. आत फक्त निवडून आलेल्यांनीच बसायचं.