जागलीचा सुरा : चमक नको, कस पाहा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाची गाडी घेऊन आपण बाजारात उभे राहतो तेव्हा काय होते? समोरचा मूठभर कापूस काढतो, धागा ओढून लांबी पाहतो, ओल पाहतो, कवडी पाहतो आणि मग भाव बोलतो. तपासल्याशिवाय आपल्या मालाला कोणी एक पैसा देत नाही. पण आपण खरेदीला उभे राहिलो की काय करतो? दुकानदाराने खोक्यातून चकचकीत सुरा काढला की दोनदा फिरवून पाहतो आणि खिशात हात घालतो. तपासायचा हक्क फक्त त्यांचाच आहे काय? आज आम्ही या एका लहानशा वस्तूवरच बोलणार आहोत.

ज्वारी हुरड्यावर आली, तूर भरली, की रानडुकरे आणि रोही येतात आणि आपले मुक्काम माळ्यावर पडतात. जागलीला जाताना कमरेला एक पाते लागतेच. दोर कापायला, सुतळी तोडायला, शेकोटीला ढलप्या काढायला, ठिबकची नळी कापायला, भाकरीबरोबर कांदा चिरायला. दाव्यात मान अडकलेले वासरू सोडवायचे, तर तिथे पातेच कामाला येते. ही सगळी कामे एकाच सुऱ्याने व्हायची असतील तर तो न मिटणारा असावा. मिटणाऱ्या चाकूचा सगळा भार एका खिळ्यावर असतो. जोर लागला की खिळा ढिला होतो आणि पाते आपल्याच बोटांवर मिटते.

आता तपासणी. पहिली गोष्ट, पाते मुठीत किती शिरले आहे? बोटभर शिरून थांबले असेल तर तिथेच तो तुटणार. लोखंड मुठीच्या टोकापर्यंत गेलेले आणि दोन-तीन रिव्हेटांनी आवळलेले असावे. पाते चार ते पाच इंच पुरे. पाठ सुमारे तीन मिलिमीटर जाड असावी. त्याहून जाड झाले की कांदा चिरला जात नाही, फुटतो. फार पातळ झाले की ढलपी काढताना वाकते.

दुसरी गोष्ट पोलादाची. लोखंडात कार्बन पाव टक्क्याच्या आत असेल तर ते कितीही तापवून पाण्यात बुडवा, धार धरण्याइतके कडक होत नाही. सुऱ्याला अर्धा टक्का तरी कार्बन हवा. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात तो साधारण तेवढा असतो, म्हणून गावचा लोहार त्याच पाट्याचा सुरा करतो आणि तो वर्षानुवर्षे चालतो. स्टेनलेस म्हणजे चांगलेच असे नाही. क्रोमियममुळे गंज कमी चढतो, पण चमच्याचे स्टेनलेस आणि सुऱ्याचे स्टेनलेस एक नव्हे. ओळखायचे कसे? एक कानस सोबत न्या आणि पात्यावर हलकेच फिरवा. मऊ लोखंडावर ती सहज चावते आणि कीस निघतो, कडक पोलादावर बरीचशी घसरते. मग पाते सुतळीला टांगून खिळ्याने वाजवा. खणखणीत वाजले तर ठीक, बद्द वाजले तर आत चीर असण्याचा संशय धरा. जुन्या पाट्याला तर हे करायलाच हवे.

तिसरी गोष्ट पाण्याची. लोहाराकडून करून घेणार असाल तर एकच प्रश्न विचारा : पाणी दिल्यावर पुन्हा मंद तापवले का? नुसते लालभडक करून बुडवलेले पाते काचेसारखे ठिसूळ होते. ते घासून उजळ करून, गव्हाळ पिवळा रंग चढेपर्यंत, म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आसपास, परत तापवले की धारही राहते आणि चिवटपणाही येतो. हेच लक्षात ठेवून धार लावा. कोरड्या चाकावर दाबून धरलेले पाते निळे पडले, की त्या जागेचे पाणी उतरले. दगडावर, पाणी किंवा तेल घालून, सावकाश धार करा. कोन किती? काटकोनाचा निम्मा, त्याचा पुन्हा निम्मा. दोन्ही बाजूंनी तेवढाच.

चौथी गोष्ट मुठीची. गोल मूठ घामाने हातात फिरते. लंबगोल मूठ फिरत नाही. बाभळीची किंवा शिसवीची मूठ टिकते. हात पुढे धारेवर घसरू नये म्हणून पुढच्या टोकाला उंचवटा हवा. आणि बाजारात जाताना ज्याच्या हातात तो सुरा राहणार, त्याला सोबत न्या. घरची माउली वापरणार असेल तर मूठ तिच्या हाताच्या मापाची हवी. कापणी-वेचणीच्या दिवसांत एका बोटाची जखम म्हणजे आठवड्याची मजुरी गेली, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागते ते वेगळेच.

म्यान विकत घ्यायची गरज नाही. पीव्हीसी पाइपाचा तुकडा उकळत्या पाण्यात मऊ करा, आत लाकडी पट्टी घालून दाबा, थंड होऊ द्या. चामड्याच्या म्यानात ओल धरते. साधे पोलाद त्यात रात्रभर राहिले की गंजते. वापर झाला की पाते पुसा, तेलाचा हात फिरवा.

आता दोन ठिकाणे अशी, जिथे सुरा काढायचाच नाही. पहिले म्हणजे रानडुक्कर. जखमी डुक्कर अंगावर येते, आणि परवानगीशिवाय शिकार हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. नुकसानीचा अर्ज वनखात्याकडे लगेच करा, पंचनामा करून घ्या. दुसरे म्हणजे साप. चावलेल्या जागी चीर देऊ नका, रक्त चोखू नका, घट्ट दोरी आवळू नका. माणसाला फार हलू न देता सरकारी दवाखान्यात न्या. उतारा प्रतिविषाच्या सलाइनमध्ये आहे, सुऱ्यात नाही. आणि मण्यार रात्री झोपेत चावते, म्हणून जमिनीवर झोपू नका. बाज आणि मच्छरदाणी न्या.

कोणी विचारेल, सुरा जवळ ठेवला म्हणून पोलिसांनी अडवले तर? १९५९ च्या शस्त्र कायद्यात निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली वस्तू शस्त्र धरली जात नाही. पण जागलीचा सुरा जागलीलाच शोभतो. तो यात्रेत, बाजारात, निवडणुकीच्या सभेत कमरेला लावून फिरू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने घरचा सुरा आणावा. कानस आम्ही आणू. एकेक पाते वाजवून, घासून पाहू. कोणत्या लोहाराचा माल उतरतो आणि कोणत्या दुकानाची नुसती चमक, हे सगळ्यांसमोर ठरेल. आपला कापूस जसा तपासला जातो, तसा आपणही समोरच्याचा माल तपासायला शिकू या.