यंत्राने नाव वगळले, जबाब कोणाचा?

(कार्यकर्त्या मेळाव्यातील भाषण)



सरकारी कचेरीत कृत्रिम बुद्धिमत्ता आली की बाईचे हेलपाटे वाचतील, असे आपल्याला सांगितले जाते. पत्राचा मसुदा, परिपत्रकाचा सारांश, भाषांतर ही कामे यंत्राने जरूर करावीत, कर्मचाऱ्याने ती वाचून तपासावीत. माझी हरकत तिथे नाही. पात्र कोण, अपात्र कोण, हे यंत्र सांगू लागते तिथे आपण सावध व्हायला हवे.

शेजारच्या तेलंगणाचे उदाहरण घ्या. तिथली 'समग्र वेदिका' ही संगणक प्रणाली निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी नाव-पत्त्यावरून जुळवते. घरात मोटार दिसली की रेशनकार्ड धोक्यात. पत्रकारांनी २०२४ मध्ये उजेडात आणलेल्या एका प्रकरणात एका विधवेला रेशन नाकारले गेले होते. रिक्षा ओढणारा तिचा नवरा नोंदीत मोटारमालक ठरला होता! राज्यात रद्द झालेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष फेरतपासणी करा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले.

हे फक्त आपल्याकडेच घडते असेही नाही. नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहराने २०२१ पर्यंत सरकारी भत्ता घेणाऱ्यांतले 'संशयित' निवडायला असेच यंत्र वापरले. बाई असणे, मूल असणे, डच भाषा नीट न येणे, यामुळे संशयाचे गुण वाढत. यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते. जुन्या नोंदींत पक्षपात असेल, तर तोच ते गिरवते.

आता आपल्या बायांचा विचार करा. एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे. परित्यक्तेचे नाव अजून नवऱ्याच्या रेशनकार्डावर, म्हणजे त्याची मिळकत हिच्या खात्यात धरली जाणार. नावे जुळवणाऱ्या यंत्राचा पहिला फटका तिलाच बसणार.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. केवळ यंत्राच्या सांगण्यावरून कोणाचेही नाव वगळू नये. आधी नोटीस, मग घरी येऊन चौकशी, आणि निर्णयाखाली अधिकाऱ्याची सही. चौकशी होईपर्यंत रेशन आणि पेन्शन चालू राहावे. अर्जदार बाईची छळाची तक्रार, आजारपण, आधार क्रमांक कर्मचाऱ्याने खासगी कंपनीच्या यंत्रात घालू नयेत.

एक हत्यार आपल्या हातात आजही आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ (१) (घ) नुसार, ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना त्याची कारणे देणे कचेरीवर बंधनकारक आहे. "सिस्टीममध्ये असेच दाखवतेय" हे कारण नव्हे. पुढच्या वेळी असे उत्तर मिळाले, तर बाईला एकटीला परत पाठवू नका. तिच्यासोबत खिडकीशी उभ्या राहा आणि लेखी कारण मागा.