रविवारची सुट्टी कोणी मिळवली?

रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली, असे आपण सर्रास म्हणतो. सरकारी कचेऱ्यांपुरते ते खरेही असेल. पण मुंबईच्या गिरणी कामगारांना ही सुट्टी कोणी आपणहून दिली नाही. तिच्यासाठी त्यांना काही वर्षे झगडावे लागले.

१८८० च्या सुमाराचे गिरणगाव पाहा. गिरण्यांत विजेचे दिवे आलेले नव्हते. उजाडले की साचे सुरू व्हायचे आणि अंधारले की थांबायचे. त्यामुळे हिवाळ्यात दहा-अकरा तास काम असे, तर उन्हाळ्यात तेच तेरा-चौदा तासांवर जाई. दुपारी निवांत बसून भाकरी खायला मिळेल याची हमी नव्हती. रविवारी साचे बंद असले, तरी ते पुसायला कामगारांना बोलावले जाई. पगारही वेळेवर होत नसे. पुढचा महिना बराच सरला तरी मागच्या महिन्याचे पैसे हातात पडत नसत. तोवर घर चालायचे वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर.

१८८१ साली कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास त्याने बंदी केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्यांच्या तासांना त्याने हातच लावला नाही.

अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. गिरणीत नोकरी केल्यामुळे आतली स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. १८८० पासून ते ‘दीनबंधु’ पत्र चालवू लागले आणि कामगारांची गाऱ्हाणी छापून येऊ लागली.

सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या साध्या होत्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार.

‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही लोखंड्यांची संघटना. तिला सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, लेखी नियम नव्हते. म्हणून काही अभ्यासक तिला पुरती कामगार संघटना मानत नाहीत. पण विखुरलेल्या हजारो माणसांना एका अर्जामागे उभे करणे हे काम तिने केले, आणि ते लहान नव्हते.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला मोठी सभा झाली. दहा हजारांवर कामगार जमले आणि दोन स्त्री कामगारही व्यासपीठावरून बोलल्या. ज्या काळात बाईने चारचौघांत तोंड उघडणे गैर मानत, त्या काळात या दोघी हजारोंपुढे उभ्या राहिल्या. पुढे १० जूनला गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली, दुपारची विश्रांती आली आणि स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादाही आली.

त्याच १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करणार नाही, असे ठरवले. त्यामागेही लोखंड्यांचा पुढाकार होता. पगाराची तारीख आणि विधवेचे केस हे त्यांना दोन वेगळे प्रश्न वाटले नाहीत. जो माणूस आपल्या कष्टांना मान मागतो, त्याने दुसऱ्याच्या अपमानाला हातभार लावू नये, ही सत्यशोधकांची शिकवण त्यांनी गिरणीच्या दारापर्यंत नेली. १८९७ साली प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांना त्याच रोगाने गाठले आणि त्यातच त्यांचे निधन झाले.

मित्रहो, ही लढाई अजून पुरी झालेली नाही. आपल्या इमारतीचा पहारेकरी बारा-बारा तासांची पाळी करतो. घरकामाला येणाऱ्या बाईंचा खाडा झाला की आपण पैसे कापतो. त्यांना आठवड्याची हक्काची, पगारी सुट्टी आणि ठरल्या तारखेला पगार द्यायला आपल्याला कायद्याची वाट पाहायची गरज नाही. साडेपाच हजार कामगारांनी जे मालकांकडे मागितले, ते आज आपल्या उंबऱ्यावर कोणी मागण्याआधीच आपण देऊ या.