वार्धक्यातील शुश्रूषा : विमा, संचय आणि संघ

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त शेलू येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

सुवर्ण महोत्सव हा कृतज्ञतेचा सोहळा असतो. ज्या पिढीने पन्नास वर्षांपूर्वी या ट्रस्टची मुहूर्तमेढ रोवली, त्या पिढीतील जे आज आपल्यात आहेत ते सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचा सत्कार शाल-श्रीफळाने होईलच. परंतु ज्या दिवशी त्यांचे हात-पाय थकतील, त्या दिवशी त्यांची सेवा कोण करील आणि त्या सेवेचा खर्च कोठून येईल, हा प्रश्न मंगल प्रसंगी विचारला तरी अमंगल ठरत नाही. बारा भावनांपैकी अशरण भावना आपल्याला हेच शिकवते की, जरेपासून कोणाचीही सुटका नाही. जी गोष्ट निश्चित आहे तिची तरतूद करणे हा विवेक होय.

आपल्यापैकी अनेक जण म्हणतात, "आमचा मेडिक्लेम आहे, मग काळजी कसली?" या समजुतीपासूनच आरंभ करू. आपल्या देशात सरकारी साधारण विमा कंपन्यांनी १९८६ साली मेडिक्लेम सुरू केला. रुग्णालयात दाखल झाल्यावर होणारा खर्च भागवणे हा त्याचा मूळ हेतू होता आणि आजही त्याचे स्वरूप मुख्यतः तेच आहे. पक्षाघाताचा झटका आला तर रुग्णालयातील पहिल्या पंधरा दिवसांचे बिल विमा देईल. घरी आल्यानंतरची औषधे आणि तपासण्या यांचा खर्च ठरावीक दिवसांपर्यंत मिळेल; आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत ही मुदत साठ दिवसांची आहे. परंतु एकसष्टाव्या दिवसानंतर काय? त्या माणसाला कूस बदलून द्यावी लागते, आंघोळ घालावी लागते, घास भरवावा लागतो, शय्याव्रण होऊ नये म्हणून हवेची गादी लागते. हे दोन महिने चालेल की दहा वर्षे, हे कोणीच सांगू शकत नाही.

विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्य विम्यातील अपवर्जनांची, म्हणजे ज्या खर्चाची भरपाई मिळत नाही त्या बाबींची, प्रमाणित भाषा ठरवून दिलेली आहे. त्यांतील पाचव्या क्रमांकाचे अपवर्जन घरी जाऊन आपापल्या पॉलिसीत अवश्य वाचावे. आंघोळ घालणे, कपडे घालणे, हिंडण्याफिरण्यास आधार देणे यांसारखी वैयक्तिक देखभाल, मग ती घरी असो वा शुश्रूषागृहात, तेथे स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. एवढेच नव्हे, तर मरणासन्न रुग्णाच्या शारीरिक, सामाजिक, भावनिक आणि आध्यात्मिक गरजांसाठी दिली जाणारी सेवाही वगळलेली आहे. काही पॉलिसींत घरी घेतलेल्या उपचारांचा समावेश असतो हे खरे. पण तो रुग्णालयात करण्याजोगे उपचार विशिष्ट परिस्थितीत घरी करावे लागले तरच. रोजच्या देखभालीला तो लागू होत नाही. तात्पर्य, मेडिक्लेम उपचाराचे पैसे देतो, शुश्रूषेचे देत नाही.

सरकारी योजनांचेही तसेच आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न लावता, कुटुंबातील अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले आहे. ज्यांचे वय बसते त्यांनी त्याचे कार्ड अवश्य काढावे. मात्र तेही रुग्णालयातील उपचारांसाठी आहे.

काही देशांनी या प्रश्नाचा वेगळा विचार केला. जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली शुश्रूषेसाठी स्वतंत्र, सक्तीचा विमा सुरू केला. जपानमध्ये चाळिसाव्या वर्षापासून प्रत्येकाला त्याचा हप्ता भरावा लागतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांना विचारा. तेथील वृद्धांची सरकारी मेडिकेअर योजना दीर्घकालीन देखभालीचा खर्च उचलत नाही, म्हणून अनेक जण खासगी शुश्रूषा विमा घेतात. तेथील विमा कंपन्यांचे अंदाज चुकले आणि जुन्या पॉलिसींचे हप्ते पुढे फार वाढले, हाही अनुभव आहे. भारतात अशी सार्वत्रिक व्यवस्था नाही. म्हणून आपल्याला ती तीन आधारांवर स्वतःच उभारावी लागेल : विमा, संचय आणि संघ.

प्रथम विमा. तो शुश्रूषेचे पैसे देत नसला तरी अत्यावश्यक आहे, कारण रुग्णालयाचे बिल विम्याने भरले तरच शुश्रूषेसाठी साठवलेले पैसे शिल्लक राहतात. १ एप्रिल २०२४ पासून नियम बदलले आहेत. पूर्वी पासष्ट वर्षांपर्यंतच्या व्यक्तींना विमा देण्याचे बंधन कंपन्यांवर होते; आता सर्व वयोगटांसाठी पॉलिसी उपलब्ध करण्यास सांगितले आहे. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आहे. पाच वर्षे अखंड पॉलिसी चालू राहिली की, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटीही माफ झाला आहे. तरीही प्रस्ताव अर्जात मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया यांतील काहीही लपवू नये. सत्य हे आपले अणुव्रत आहे आणि व्यवहारातही तेच दावा मंजूर होण्याचा सरळ मार्ग आहे.

मेडिक्लेमच्या जोडीला दोन प्रकार विचारात घ्यावेत. गंभीर आजाराच्या पॉलिसीत, निदान अटींमध्ये बसले तर ठरलेली रक्कम एकदम मिळते आणि ती कशावर खर्च करावी याचे बंधन नसते. मदतनिसाचा पगारही त्यातून देता येतो. मात्र अटी वाचाव्यात. उदाहरणार्थ, पक्षाघातात कायमची हानी राहिली तरच रक्कम मिळते. दुसरा प्रकार वैयक्तिक अपघात विम्याचा. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास त्याची रक्कम मिळते आणि त्याचा हप्ता तुलनेने कमी असतो. रोज लोकलने प्रवास करणाऱ्या कमावत्या मुलांनी तरी तो घ्यावाच. हे दोन्ही प्रकार तरुणपणी, प्रकृती धडधाकट असताना घ्यायचे असतात.

आता संचय. आपल्या समाजात नोकरदार आहेत, पण कर्जत-खालापूर परिसरात किराणा, कापड, सराफी असा व्यापार करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. व्यापाऱ्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही. त्याची सारी पुंजी मालात आणि उधारीत गुंतलेली. दुकान हेच आपले पेन्शन, असे तो मानतो. परंतु गल्ल्यावर बसणारा माणूस अंथरुणाला खिळला की उत्पन्न घटते आणि त्याच वेळी खर्च वाढतो.

हिशेब आपल्याला नवा नाही. म्हणून एक काल्पनिक उदाहरण मांडतो. मदतनीस, औषधे, डायपर, व्यायामोपचार मिळून महिन्याला पंचवीस हजार रुपये खर्च आज गृहीत धरू. दरवर्षी सात टक्के भाववाढ झाली तर वीस वर्षांनी हाच खर्च महिन्याला सुमारे सत्त्याण्णव हजारांवर, म्हणजे वर्षाला साडेअकरा लाखांच्या पुढे जाईल. आज पन्नाशीत असलेल्या श्रावकाने दरमहा पाच हजार रुपये बाजूला टाकले आणि त्यावर सरासरी आठ टक्के परतावा मिळाला, तर सत्तराव्या वर्षी सुमारे साडेएकोणतीस लाख जमतील. त्यातून अडीच वर्षांची शुश्रूषा निभावेल. त्याच व्यक्तीने साठाव्या वर्षी आरंभ केला तर सत्तराव्या वर्षी जेमतेम नऊ लाख हाती येतील आणि ते दहा महिनेही पुरणार नाहीत. परताव्याची हमी कोणी देत नाही, आकडे कमीजास्त होतील. पण अवधी निम्मा केला की जमा रक्कम निम्म्याहूनही कमी होते, हे गणित बदलणार नाही.

साठीनंतर टपाल कार्यालय वा बँकेतील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि तिचे व्याज दर तिमाहीला हाती येते. ज्यांची मिळकत म्हणजे राहते घर एवढीच आहे, त्यांच्यासाठी २००७ पासून उलट तारणाची सोय आहे : बँक घराच्या तारणावर ज्येष्ठाला ठरावीक रक्कम देत राहते आणि त्याला घर सोडावे लागत नाही.

येथे एक नाजूक विषय बोलणे भाग आहे. अनेक वडीलधारी मंडळी हयातीतच सर्व मालमत्ता मुलांच्या नावे करून मोकळी होतात. मुले गुणी आहेत, याबद्दल शंका नाही. तरीही बक्षीसपत्रात देखभालीची अट लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यानुसार, अशी अट पाळली गेली नाही तर न्यायाधिकरणाकडे ते हस्तांतर रद्द करण्याची मागणी करता येते. हा अविश्वास नव्हे. हिशेब चोख ठेवणाऱ्या घरांत प्रेमही अधिक टिकते. तसेच खात्यांवर नामनिर्देशन आणि संयुक्त नावे वेळीच लावावीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. स्मृती हरपल्यावर सहीला अर्थ उरत नाही.

कोणी म्हणेल, "कर्मात असेल ते भोगावेच लागेल, मग ही धडपड कशाला?" आपल्या दर्शनात काल, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ अशी पाच कारणे मानली आहेत, त्यांतून पुरुषार्थ वगळण्याचा अधिकार आपल्याला नाही. कोणी अपरिग्रहाची आठवण देईल. परंतु श्रावकाचे व्रत परिग्रहाला परिमाण घालण्याचे आहे. शुश्रूषेसाठी किती लागेल हे मोजून तेवढे वेगळे ठेवणे म्हणजे लोभाला मर्यादा घालणेच होय. आणि काही ज्येष्ठ उद्वेगाने म्हणतात, "आम्ही संथारा घेऊ, तुम्हाला भार होणार नाही." बंधूंनो, संथारा हे समभावाने, गुरूंच्या आज्ञेने साधायचे आराधनेचे शिखर आहे. तो घरखर्चावरचा उतारा नाही. आपल्या आई-वडिलांच्या मुखी हे शब्द भाररूप होण्याच्या भीतीने येत असतील, तर ती आपल्या तरतुदीतील उणीव समजावी.

शेवटी संघ. शेलूतील कमावती माणसे पहाटेची लोकल धरून मुंबई-ठाण्याकडे जातात आणि रात्री परततात. दिवसभर आजारी सासऱ्यांजवळ कोण बसते? बहुधा घरची सून, नाही तर नोकरी सोडलेली मुलगी. तिच्या श्रमाची नोंद कोणत्याही चोपडीत होत नाही. शुश्रूषेचा सर्वांत मोठा हप्ता आज ती भरत आहे.

दीर्घकालीन शुश्रूषा संघाला अपरिचित नाही. विहार करणे अशक्य झालेल्या वृद्ध साधु-साध्वीजींच्या स्थिरवासाची व्यवस्था संघ परंपरेने करत आला आहे. वैयावच्च हे सहा आभ्यंतर तपांपैकी एक तप, आणि तत्त्वार्थसूत्रात ज्या दहांची सेवा सांगितली आहे त्यांत ग्लान म्हणजे रुग्ण यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. सात क्षेत्रांत श्रावक आणि श्राविका ही दोन क्षेत्रेही आहेत. आपल्या शेजारी नेरळ येथे, १९९५ साली स्थापन झालेल्या डिग्निटी फाउंडेशनने ज्येष्ठांसाठी वसाहत उभारली आणि तीत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या देखभालीचाही विचार केला. एक संस्था हे करू शकते, तर संघालाही आपल्या शक्तीप्रमाणे पाऊल टाकता येईल.

विश्वस्तांपुढे नम्रपणे चार सूचना ठेवतो. पहिली, देवद्रव्याला स्पर्श न करता साधर्मिक शुश्रूषेचे स्वतंत्र खाते उघडावे. मात्र वर्गणीच्या बदल्यात रकमेची हमी देऊ नये. तो विम्याचा व्यवसाय ठरतो आणि नोंदणीकृत विमा कंपनीखेरीज कोणालाही तो करता येत नाही. सामुदायिक मेडिक्लेम घेतला तरी प्रत्येक कुटुंबाने आपली वैयक्तिक पॉलिसी बंद करू नये, कारण सामुदायिक करार कधीही बदलू वा संपू शकतो. दुसरी, वर-खाली होणारा पलंग, चाकाची खुर्ची, वॉकर, हवेची गादी अशी साधने ट्रस्टने ठेवावीत व गरजूंना वापरायला द्यावीत. तिसरी, परिसरातील गरजू तरुण-तरुणींना रुग्णसेवेचे प्रशिक्षण द्यावे. त्यांना रोजगार मिळेल आणि आपल्याला विश्वासू हात मिळतील. चौथी, सेवाभावी श्रावक-श्राविकांनी आळीपाळीने आठवड्यातून दोन तास रुग्णाजवळ बसावे, स्तवन ऐकवावे, आणि त्या घरच्या सुनेला तेवढ्या वेळात प्रतिक्रमणाला वा केवळ विश्रांतीला मोकळे करावे. विमा ज्या आध्यात्मिक गरजेचे पैसे देत नाही, ती गरज संघच भागवू शकतो.

येत्या लाभपंचमीला नव्या चोपडीत एक पान शुश्रूषेच्या खात्याचे राखावे, एवढीच आपल्या सर्वांना विनंती. त्या पानावर पहिली रक्कम किती लिहिली, याला फारसे महत्त्व नाही. ती पन्नाशीत लिहिली की पंच्याहत्तरीत, याला आहे.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!