परसातली वीज

नेसरी म्हटलं की १६७४ सालची ती खिंड आणि प्रतापराव गुजर आठवतात. आज मात्र मी बोलणार आहे घराच्या मागच्या दाराबद्दल, म्हणजे परसाबद्दल. कविता लिहिणाऱ्या माणसानं वायरिंगवर का बोलावं, असं काहींना वाटेल. पण मोगरा, प्राजक्त आणि अळू जिथं वाढतं तिथंच आता मोटर चालते आणि दिवा लागतो. तेव्हा हा विषय एकट्या वायरमनचा राहिलेला नाही.

पूर्वी परसात आड असायचा, रहाट असायचा आणि रात्री हातात कंदील. आता अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आली, गोठ्यात बल्ब आला, कडबाकुट्टी आली, सणासुदीला दिव्यांच्या माळा आल्या. ही वीज परसात येते कशी? बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक वायर निघते, पेरूच्या फांदीवर विसावते, मध्ये एक टेप गुंडाळलेला जोड घेते आणि मोटरपाशी जाते. वारा सुटला की फांदी हलते, वायर घासते. उन्हानं तिचं आवरण तडकतं. मग मृगाचा पाऊस येतो.

घरातली वीज आणि परसातली वीज यांत मोठा फरक आहे. घरात आपण बहुधा कोरड्या फरशीवर असतो. परसात पाय अनवाणी आणि जमीन ओली. ओल्या अंगाचा विजेला होणारा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. घरचा दाब २३० व्होल्ट. म्हणजे अंगातून २३० मिलिअँपिअरच्या घरात प्रवाह जाऊ शकतो. छातीतून ३० मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह काही क्षण गेला तरी जिवावर बेतू शकतं.

इथं एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'आमच्याकडं एमसीबी आहे, काही झालं तर पडेल,' असं लोक सांगतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाच्या जिवावर बेतणारा प्रवाह त्याच्या हिशेबात इतका किरकोळ असतो की त्याला पत्ताही लागत नाही. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. पुष्कळ जण त्याला ईएलसीबी म्हणतात. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांचा तो सतत ताळा घेतो. जमिनीत गळती दिसली की सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. परसाच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. त्यावर 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावं. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला, तर तोही वाचवू शकत नाही.

दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात एक बातमी येते. कपडे वाळत घालायच्या तारेत करंट उतरला, बाई गेली, वाचवायला धावलेलाही गेला. ती लोखंडी तार पत्र्याच्या शेडला बांधलेली असते, आणि त्याच पत्र्यावरून बल्बची वायर गेलेली असते. म्हणून वाळवणाला नायलॉनची दोरी बांधा. पत्रा, तार आणि वायर यांची गाठ पडू देऊ नका.

आता आखणी. रोप लावण्याआधी एक कागद घ्या आणि दिवसभर परसात कोण कुठं वावरतं ते मांडा. पहाटे सडा घालणारी सून कुठून येते? वुजूसाठी नळावर जाणारे वडील कुठल्या पायरीवर पाय ठेवतात? धार काढायला कोण जातं? दिवा तिथं हवा. मोटर कुठं, कडबाकुट्टी कुठं, तिथं १६ अँपिअरचा प्लग हवा. तो छपराखाली, जमिनीपासून तीनेक फूट उंच, झाकणाच्या पाणीरोधक बॉक्समध्ये असावा. नळ आणि प्लग शेजारी नकोत.

वायर झाडावरून नेऊ नका. आर्मर्ड केबल अडीच फूट खोल चरातून न्यावी. खाली-वर वाळू, त्यावर विटांची ओळ. म्हणजे उद्या कुदळ आधी विटेला लागेल. ही केबल कुठून गेली ते कागदावर काढून लाइटबिलांच्या फाइलीत ठेवा. दहा वर्षांनी मुलगा नारळासाठी खड्डा काढेल, तेव्हा तो कागद उपयोगी पडेल. फुलझाडांतले छोटे दिवे १२ व्होल्टचे मिळतात, त्यांचा ट्रान्सफॉर्मर घरात कोरड्या जागी ठेवावा. मोटरच्या लोखंडी अंगाला अर्थिंग हवंच, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतत जावं. दावणीची जनावरं माणसापेक्षाही कमी करंटनं दगावतात, हेही ध्यानात असू द्या. हे सगळं काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावं.

आणखी एक. परसातल्या प्लगवरून वायर ओढून रानडुकरांसाठी बांधावरच्या तारेत करंट सोडणारे आहेत. हा गुन्हा आहे, आणि त्या तारेला रान ओळखू येत नाही, शेजारी ओळखू येत नाही. सौर कुंपण ही निराळी गोष्ट. त्यातलं यंत्र क्षणाक्षणाचे झटके देतं, सलग प्रवाह सोडत नाही.

शेवटी, सगळं परस उजळू नका. रातराणीकडं येणारे पतंग आणि मे-जूनमधले काजवे अंधाराच्या भरवशावर जगतात. काजव्यांचं लुकलुकणं ही त्यांची एकमेकांना घातलेली साद असते. फ्लडलाइट लावला की ती ऐन हंगामात हरवते. पायवाटेपुरता, खाली तोंड केलेला, काम झालं की विझणारा दिवा पुरे.

आणि कुणाला शॉक लागलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडानं वायर बाजूला सारा आणि १०८ ला फोन करा. खांबावरची तार तुटली असेल तर जवळ न जाता महावितरणचा १९१२ फिरवा. हे दोन आकडे मीटरजवळ खडूनं लिहून ठेवा, आणि घरातल्या पोरांना मेन स्विच कुठं आहे ते आजच दाखवून ठेवा.