उद्दिष्ट जिचं, पाटी तिची

मी तुमच्याच भागातली, बचत गटांची समन्वयक बोलतेय. गटाच्या धंद्यात प्रत्येकीचं काम कुठवर आलं ते मोबाइलवर कसं बघायचं, हा आजचा विषय. आणि ते बघताना कुणाचा अपमान होऊ नये म्हणून काय सांभाळायचं, तेही सांगणार आहे.

आपल्याला पंचसूत्री पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख नोंदी. कुणाकडे किती रुपये बाकी आहेत, हे विचारलं की नोंदवहीतून लगेच उत्तर मिळतं. पण गटानं धंदा सुरू केला की नवे प्रश्न येतात. पीठ कुणाकडे गेलं? पाकिटं कुणी आणायची? लेबलं आली का? याची उत्तरं कुठल्याच वहीत नसतात, ती सचिवताईंच्या डोक्यात असतात. त्या चार दिवस लग्नाला गेल्या की सगळं अडतं.

आमच्याकडे एक गट उन्हाळी वाळवणाचा धंदा करतो. गटात १२ जणी आहेत. आठ जणी पापड लाटतात, दोघी पाकिटं भरतात, एकजण विक्री बघते, एकजण हिशोब. हंगामाचं उद्दिष्ट ठरलं, २४० किलो पिठाचे उडदाचे पापड, १० आठवड्यांत. आकडा मोठा वाटला, म्हणून वाटणी केली. आठ जणींनी आठवड्याला प्रत्येकी ३ किलो लाटले की २४० पुरे होतात. मग प्रत्येकीला कळलं, की आपला वाटा एवढाच. "पापड भरपूर करायचे" हे उद्दिष्ट नव्हे. किती आणि कधीपर्यंत, हे सांगता आलं तर ते उद्दिष्ट.

हा वाटा मांडायला गटानं ट्रेलो नावाचं अ‍ॅप घेतलं. ते २०११ साली निघालं आणि साध्या वापराला फुकट मिळतं. मात्र फुकट वापरात किती जणींना जोडता येतं याला मर्यादा असते, ती सुरुवातीलाच बघून घ्या. अ‍ॅपमध्ये एक फलक असतो, त्यावर रकाने आणि रकान्यांत चिठ्ठ्या. आमच्या फलकावर तीन रकाने आहेत: करायचंय, चालू आहे, झालं. चिठ्ठीवर बाईचं नाव, काम आणि तारीख. काम पुढं सरकलं की चिठ्ठी बोटानं ओढून पुढच्या रकान्यात टाकायची. चिठ्ठीच्या आत पायऱ्यांची यादी करता येते आणि फोटोही लावता येतो.

ही पद्धत काही कॉम्प्युटरवाल्यांची नाही. जपानमध्ये टोयोटाच्या मोटार कारखान्यात कामाच्या चिठ्ठ्या वापरायचे, पुढच्या माणसाला माल लागला की चिठ्ठी मागं जायची. तिला ते कानबान म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ पाटी.

आता खरी गोष्ट सांगते. तिसऱ्या आठवड्यात एका काकूंची चिठ्ठी "चालू आहे" मध्येच नऊ दिवस अडून बसली. बाकीच्या सात जणींची सरकली. बैठकीत कुजबुज सुरू झाली. एकजण म्हणाली, "काकूंना आता झेपत नाही, त्यांचा वाटा दुसरीला द्या." वाटा जाणं म्हणजे मजुरी जाणं. काकू खाली मान घालून बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. हिशोब बघणाऱ्या ताईंनी चिठ्ठी उघडली. पायऱ्या होत्या: पीठ मिळालं, पीठ मळलं, लाटून झालं, वाळलं, तोलून दिलं. पहिल्याच पायरीवर खूण नव्हती. म्हणजे काकूंना पीठच पोचलं नव्हतं! त्यांच्या वस्तीवरच्या गिरणीची मोटार जळाली होती, आणि डाळ दळून आणायचं काम दुसरीच्या चिठ्ठीवर होतं. त्या दिवशी ठरलं, की वस्तीची डाळ शेजारच्या गावातून दळून आणायची. पुढच्या दोन आठवड्यांत काकूंनी राहिलेला वाटा भरून काढला.

फलक नसता तर काय झालं असतं? काकूंची मजुरी गेली असती आणि वर नावही खराब झालं असतं. पण नुसता फलक बघूनही तेच झालं असतं. "नऊ दिवस अडलंय" एवढंच फलक सांगतो. का अडलंय, ते चिठ्ठी उघडून आणि बाईला विचारूनच कळतं.

म्हणून आमच्या गटांनी काही गोष्टी ठरवून घेतल्यात.

पहिली, उद्दिष्ट जिचं तिनं सांगायचं. अध्यक्षांनी परस्पर आकडा टाकायचा नाही. घरात बाळंतीण असेल, कांदा काढणी असेल, तर ३ किलोचे २ किलो होतील. ते आठवड्याच्या सुरुवातीलाच बोलायचं, म्हणजे उरलेला किलो कोण घेणार हे तेव्हाच ठरतं. व्यवस्थापनाचे मोठे अभ्यासक पीटर ड्रकर यांनी १९५४ सालच्या पुस्तकात हेच मांडलं होतं. उद्दिष्टाचा खरा उपयोग माणसाला स्वतःच्या कामावर स्वतः नजर ठेवता यावी, यासाठी आहे.

दुसरी, चिठ्ठी जिची तिनंच सरकवायची. लिहिता-वाचता येत नसेल तर चिठ्ठीवर तिचा फोटो लावा आणि रंग द्या. अ‍ॅपची बटणं इंग्रजी दिसली तरी आत मराठी लिहिता येतं. कीबोर्डवरचा माइक दाबून बोललं तरी अक्षरं उमटतात. फोनच नसेल तर बैठकीत तिच्यासमोर, तिच्या बोटानं सरकवा.

तिसरी, फलकावर फक्त काम. कुणाचं आजारपण, घरचं भांडण, कर्जाचा थकलेला हप्ता, यातलं काही तिथं लिहायचं नाही. आपल्यापैकी कितीजणींचा फोन घरात सगळ्यांच्या हातात असतो! मुलगा बघतो, सासरे बघतात. पैशाचा हिशोब नोंदवहीतच राहू द्या.

चौथी, बैठकीत बचत आणि परतफेड आटोपली की दहा मिनिटं फलकाला द्यायची. "का झालं नाही?" असं विचारायचं नाही. "कुठं अडलं? काय मदत लागेल?" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला बाई गप्प बसते, दुसऱ्याला उत्तर देते.

आणि एक, मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. प्रत्येकीची एक चिठ्ठी तिच्या स्वतःच्या शिकण्याची ठेवा. धंद्यात आपण मालकीणही आहोत आणि कामगारही. किलोमागं किलो लाटत राहिलो तर दहा वर्षांनीही लाटतच राहू. त्याच गटातल्या पाकिटं भरणाऱ्या एका वहिनींनी लिहिलं, "मला बिल करायला शिकायचंय." पायऱ्या पाडल्या. आधी वजन आणि भाव मांडायचा, मग बेरीज, मग बिलबुक भरायचं, मग गिऱ्हाइकासमोर एकटीनं बिल फाडायचं. एकेक खूण होत गेली. तालुक्याच्या प्रदर्शनात शेवटच्या दिवशी गल्ल्यावर त्या एकट्या बसल्या. संध्याकाळी रोकड आणि बिलं जुळली, तेव्हा शेवटची खूण त्यांनी स्वतः केली.

ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनी थांबू नये. समाजमंदिराच्या भिंतीवर खडूनं तीन रकाने आखा आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या करा. महिनाभर हे जमलं की मगच अ‍ॅपकडे वळा. भिंतीवर जे जमत नाही ते मोबाइलवरही जमत नाही.

तर येत्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीला दोन चिठ्ठ्या द्या. एकीवर या आठवड्याचं काम, आकड्यासह. दुसरीवर या हंगामात मला काय शिकायचंय ते. दुसरी चिठ्ठी लिहायला वेळ लागेल. बऱ्याचजणींना हा प्रश्न आजवर कुणी विचारलेलाच नसतो. तेव्हा घाई करू नका, तिला विचार करू द्या.