परसातला मका कुणाचा?

(महिला मेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण पंचायत, दारूबंदी, पोटगी अशा भारदस्त विषयांवर बोललो. आता जेवणं झाल्यावर मला मक्यावर बोलायला उभं केलंय. कुणाला डुलकी लागली तर माझा राग नाही. फक्त शेवटी मी कोर्टातल्या एका अर्जाबद्दल बोलणार आहे, तेव्हा शेजारणीनं जागं करावं.

नांदगाव-येवल्याच्या पट्ट्यात मी काम करते. हा पट्टा कमी पावसाचा. शिवारात मका भरपूर, पण तो कोंबडीखाद्याला जाणारा पिवळा मका. व्यापारी येतो, वजन होतं, पैसे पुरुषांच्या हातात पडतात. बायका त्या मक्याची खुरपणी करतात, सोलणी करतात, आणि बाजाराच्या दिवशी पोरांना तालुक्याला वाफवलेल्या गोड मक्याचा कप विकत घेऊन देतात. बचत गटाच्या बैठकीत परसबागेचा विषय निघाला, तेव्हा मी मेथी, पालक, भोपळा अशी यादी काढली होती. पोषणाच्या दृष्टीनं अगदी बिनचूक यादी. एक बाई म्हणाली, "ताई, ते होईल हो. पण मका लावू. मेथीसाठी पोरं रडत नाहीत." सगळ्या हसल्या आणि ठराव झाला.

पहिल्या वर्षी मी काय केलं ते सांगते, कारण चूक सर्वस्वी माझी होती. परसाचा नकाशा मी कागदावर काढला. मधे वाफे, आणि कुंपणाला लागून मक्याची एक सरळ ओळ. शोभिवंत दिसत होतं. गटातली एक म्हातारी, जिला सगळ्याजणी आक्का म्हणतात, ती नकाशा बघून म्हणाली, "मक्याला घोळका लागतो गं." मला वाटलं, ही काहीतरी म्हण असावी. मी वहीत लिहूनसुद्धा घेतली, लोकपरंपरा म्हणून! अडीच महिन्यांनी कणसं सोलली तर आत म्हाताऱ्याच्या बोळक्यासारखे दाणे, चार इथे, सहा तिथे.

आक्का म्हण सांगत नव्हती, शेती सांगत होती. मक्याच्या शेंड्यावरचा तुरा हा नर, आणि कणसाच्या टोकाशी येणारे केस ही मादीची बाजू. एकेक केस एकेका दाण्याचा. त्या केसावर परागकण पडला तरच तो दाणा भरतो, आणि पराग आणून टाकायचं काम बहुतेक वारा करतो. एकच ओळ असली तर वारा पराग घेऊन जातो शेजारच्या अंगणात. म्हणून मका चौकोनात लावायचा. दहा फूट बाय दहा फूट जागेत, दोन ओळींत दोन फूट आणि दोन झाडांत एक वीत अंतर ठेवलं, की पाच ओळी बसतात आणि ओळीत पंधराएक झाडं. झाडाला एक चांगलं कणीस धरा, दुसरं आलं तर देवाची कृपा.

त्याच वर्षी दुसरा एक घोटाळा झाला. ज्या दोन घरांमागे पिवळ्या मक्याचं शेत होतं, तिथली कणसं भरली, पण चव कोंबडीखाद्याची. शेतातल्या मक्याचा पराग गोड मक्याच्या केसावर पडला तर त्याच कणसातला दाणा पिठाळ होतो. पुढच्या पिढीची वाट बघत नाही. गोडीचा गुण दबणारा आहे, शेतातल्या मक्याचा गुण त्याच्यावर मात करतो. (यातून कुणाला काही संसारी अर्थ काढायचा असेल तर काढा, मी काढत नाही.) बियांचंही तसंच. दुकानातलं संकरित बी दुसऱ्या वर्षी तसंच उतरत नाही, दरवर्षी विकत घ्यावं लागतं. 'माधुरी' किंवा 'प्रिया'सारखं संमिश्र वाण मिळालं तर बी घरचं धरता येतं. मात्र ते दुसऱ्या मक्यापासून लांब हवं आणि दोन-चार कणसांचं न धरता पुष्कळ झाडांचं एकत्र धरायला हवं, नाहीतर पीक दरसाल खुजं होत जातं. बी सुरकुतलेलं दिसलं म्हणून फेकू नका. गोड मक्याचं बी तसंच असतं, त्यात पिष्ट कमी.

मक्याच्या दाण्यांचे रंग बघता बघता बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकन बाईंनी गुणसूत्रावरचे काही तुकडे जागा बदलतात हे शोधून काढलं. कितीतरी वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९८३ साली नोबेल मिळालं, तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या. आमच्या आक्कालाही माझ्याकडून ऐकून घ्यायला एक हंगाम लागला. त्या मानानं लवकरच.

दुसऱ्या वर्षापासून आम्ही जानेवारीच्या शेवटी पेरणी ठेवली. एक तर शिवारातला रब्बी मका तेव्हा पुढे गेलेला असतो, फुलोरा एकत्र येत नाही. दुसरं म्हणजे कणसं एप्रिलात येतात, म्हणजे ऐन वाळवणाच्या उन्हात. पाण्याची अडचण होतीच. ती न्हाणीच्या पाण्यानं भागवली. आंघोळीचं पाणी आधी कर्दळीच्या वाफ्यातून जाऊ द्यायचं आणि मग मक्याला. तुरा आणि केस येतात त्या पंधरवड्यात मात्र मक्याला पाण्याचा ताण अजिबात चालत नाही. २०१८ पासून आपल्याकडे आलेली लष्करी अळी परसातही येते. रोज सकाळी पानांवरचे अंड्यांचे पुंजके चिरडायचे आणि पोंग्यात चुलीची राख किंवा बारीक वाळू टाकायची. शंभराच्या आत झाडं असली की हे हातानं जमतं.

कणीस कधी तोडायचं? केस आल्यावर साधारण अठरा ते बावीस दिवसांनी. केस तपकिरी, वाळलेले. दाण्याला नख लावलं की दुधासारखा रस. पाण्यासारखा आला तर थांबा, पिठासारखा आला तर उशीर झाला. तोडल्यापासून साखरेचं पिष्ट होत जातं. साध्या गोड मक्याची उन्हाळ्यात एका दिवसात निम्मी गोडी जाते. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी, की आधी चुलीवर पाणी ठेवायचं आणि मग परसात जायचं.

टिकवायचं कसं, हा प्रश्न शहरातल्या मैत्रिणींनी चिठ्ठीवर विचारलाय. तुमच्याकडे फ्रिज आहे, तुमचं सोपं. कणसं उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं, लगेच गार पाण्यात, दाणे सुरीनं काढून कोरडे करून पिशवीत, पिशवी बर्फाच्या कप्प्यात. एक करू नका. दाणे पाण्यासकट बाटलीत भरून, झाकण लावून घरात ठेवणं. मक्याला आंबटपणा नाही, नुसत्या उकळण्यानं त्यातले बोटुलिझमचे जिवाणू मरत नाहीत, आणि बंद बाटलीत ते जीवघेणं विष तयार करतात. कारखान्यात त्यासाठी दाबाखाली जास्त उष्णता देतात. आपल्या लोणच्याचा हिशोब इथे लागू नाही.

आम्हा बिनफ्रिजवाल्यांचं वाळवण. उकळून गार केलेले दाणे पातळ धोतरावर एकेरी पसरायचे, वरून दुसरं पातळ कापड, संध्याकाळी घरात घ्यायचे. तीन-चार कडक उन्हांत ते कडकडीत होतात. रात्रभर भिजवले की उसळीला, आमटीला चालतात. दळून थालीपिठात घालतात. काही बायका कोवळे दाणे वाटून मिरची-जिरं घालून सांडगे घालतात. ते फार सुरेख लागतात, आणि पाहुण्यांना कळण्याआधी संपतात. दाणे खरंच वाळलेत का, हे बघायला मिठाची परीक्षा आहे. कोरड्या बाटलीत मूठभर दाणे आणि चिमूटभर कोरडं मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर दाणे पुन्हा उन्हात.

हे मी हट्टानं सांगते. १९७४ च्या शरदात गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाड्याच्या आदिवासी गावांत अवकाळी पावसानं भिजलेला, बुरशी आलेला मका लोकांनी खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झालं. ३९७ माणसं आजारी पडली, १०६ मेली. बुरशीचं ते विष, अफ्लाटॉक्सिन, शिजवून जात नाही. त्यांना का कळत नव्हतं बुरशीचं? कळत होतं. दुसरं खायला नव्हतं. आपल्या घरातही बुरशी पुसून काढलेला दाणा कुणाच्या ताटात जातो, हे मी या सभेत सांगायला नको. गुरांनाही घालू नका, ते दुधात उतरतं.

आता जागं करा शेजारणीला.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी परसबाग चांगली लागली. काही घरांत दाणे आणि सांडगे विकून पैसे यायला लागले. तोवर 'बायकांचा नाद' असलेल्या गोष्टीला घरातले पुरुष 'आमची बाग' म्हणू लागले. आमचं सर्वांत उत्तम परस ज्या बाईचं, तिला २०२२ च्या एप्रिलात नवऱ्यानं मारहाण करून घराबाहेर काढलं. रात्री लेकीला घेऊन ती आमच्या कार्यालयात आली. पाणी प्याली आणि पहिलं वाक्य बोलली, "ताई, कणसं परवा काढायला आली होती." मला तेव्हा वाटलं, धक्क्यानं बोलतेय. मी ते कागदावर घेतलं नाही. मारहाण घेतली, दागिने घेतले, लेकीचा शाळेचा दाखला घेतला.

कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज केला. कलम १७ नं तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे. घर सासऱ्याच्या नावावर होतं, तरी हरकत नव्हती. घर नवऱ्याच्याच मालकीचं असायला हवं असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलंय. अंतरिम आदेश मिळाला. संरक्षण अधिकारी, पोलीस आणि मी, आम्ही तिला घरी पोचवलं. घरात घेतलं. परसाच्या दाराला कुलूप होतं, पलीकडे दिराच्या शेळ्या. दीर शांतपणे म्हणाला, "आदेशात घर लिहिलंय. परस कुठे लिहिलंय?"

नव्हतं लिहिलेलं. याच कायद्याच्या कलम ३ मध्ये आर्थिक छळाची व्याख्या आहे. बाईला ज्या साधनांचा वापर करण्याचा हक्क आहे, ती तिच्यापासून तोडणं हा त्यात छळच धरलाय. मी ते पाठ केलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. पण माझ्या लेखी साधन म्हणजे पगार, बँकेचं पुस्तक, जमीन. मक्याची पंचाहत्तर झाडं माझ्या डोळ्यांत साधन म्हणून आलीच नाहीत, आणि ती बाई पहिल्याच वाक्यात तेच सांगत होती. आम्ही परसासाठी वेगळा अर्ज केला. तो अजून चालू आहे. ती अंगणात डब्यांत मिरच्या लावते.

ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीवर नवराबायको दोघांची नावं लागावीत यासाठी आम्ही आता गटागटांतून अर्ज देतोय. काही घरांची लागली, काही घरांत त्यावरून भांडणं झाली. आणि मदतीला येणाऱ्या बाईची माहिती लिहून घ्यायचा आमचा छापील कागद बदललाय. 'राहते घर' या रकान्याखाली आता अंगण, परस, गोठा, लावलेली झाडं आणि उभं पीक असं छापलंय. छापून आल्यावर मी तो आक्काला वाचून दाखवला. तिनं विचारलं, "न्हाणीचं पाणी कुठं जाईल, ते लिहिलं का?" ते राहिलंच होतं. तेवढं आम्ही प्रत्येक कागदावर पेनानं लिहितो.